परवाचं विमान

मुलांनो, जरा कल्पना करा. डोळे मिटून करा असंच सांगणार होतो, पण मग पुढचं वाचणार कसं? तेव्हा उघडेच ठेवा.

कल्पना करा की तुमचे बाबा शाळेत भूगोल शिकवतात. बावीस वर्षं झाली, ते रोज फळ्यावर खडूने समुद्र काढतात आणि तास संपला की पुसून टाकतात. गहू कुठे पिकतो, कुठली नदी कुठे वळते, सहा महिने दिवस कुठे असतो, सगळं त्यांना तोंडपाठ. आणि स्वतः ते कुठवर गेले आहेत? तर बहिणीच्या घरी, बसने चार तासांवर. तिथून परत येतानाही त्यांची बस चुकली होती.

झाली कल्पना करून? तर असे एक मास्तर खरोखरच होते, आणि एके दिवशी त्यांना परदेशातून पत्र आलं. तिथल्या एका विद्यापीठात मुलांना नकाशा कसा शिकवावा याचा अभ्यासक्रम होता. एक पूर्ण सत्र, साडेचार महिने. मास्तरांनी अर्ज केला होता तो इतर चार शिक्षकांनी केला म्हणून. निवड होईल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. पत्राच्या शेवटी दोन ओळी होत्या. शेवटच्या दिवशी फक्त समारोपाची भाषणं होतील, ही एक. दुसरी अशी, की पहिल्या सोमवारी सकाळी दहाच्या आत जो हजर नसेल त्याची जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला दिली जाईल. ही दुसरी ओळ मास्तरांनी इतक्या वेळा वाचली की ती त्यांना झोपेतही ऐकू यायला लागली.

मास्तरांची बायको दवाखान्यात खिडकीशी बसून रुग्णांची नावं लिहून घ्यायची. दिवसभर "पुढचे" म्हणून म्हणून तिला घरीही मुद्द्यावर यायची सवय होती. पत्र वाचून ती म्हणाली, "जा तुम्ही. पण तिला कोण सांगणार?"

ती म्हणजे त्यांची नऊ वर्षांची मुलगी. घरात तिला टाचणी म्हणत, कारण ती अंगाने बारीक, डोक्याने गोल, आणि बोलली की टोचायचं. मास्तर म्हणाले, मी सांगतो. मास्तर भूकंप समजावून सांगू शकत, ज्वालामुखी सांगू शकत. पण घरात कुणाला काही अवघड सांगायचं असलं की त्यांना एकदम वह्या तपासायच्या आठवायच्या. दोन दिवसांनी ते पलंगाखाली डोकं घालून जुनी कागदपत्रं शोधत असताना टाचणीनेच विचारलं, बाबा, तुम्ही लांब चाललात म्हणे, परत कधी येणार?

"येतो गं परवा," मास्तर पलंगाखालून म्हणाले.

आता हा परवा शब्द मोठा लबाड आहे, मुलांनो. काल म्हणजे मागचा आणि उद्या म्हणजे पुढचा, त्यात घोटाळा नाही. परवा मात्र दोन्हीकडे तोंड करून बसतो. परवा आलो म्हटलं तर मागचा, परवा येतो म्हटलं तर पुढचा. आणि मोठी माणसं पुष्कळदा परवा म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ असतो, नंतर बघू, आत्ता डोकं खाऊ नकोस. तुमच्याही घरी म्हणत असतील. बायकोने मास्तरांच्या पायांकडे रोखून पाहिलं, कारण बाकीचे मास्तर पलंगाखाली होते. उद्या नीट सांगतो, असं त्यांनी ठरवलं. हे त्यांनी पुढे रोज ठरवलं.

मग व्हिसाच्या कचेरीची वारी सुरू झाली. खिडकीतल्या माणसाने फोटो मागितला. दोन्ही कान दिसले पाहिजेत आणि चेहऱ्यावर कुठलाही भाव असता कामा नये. मास्तरांचा डावा कान जन्मापासून डोक्याला चिकटलेला. फोटोवाल्याने तो मागून कागदाची घडी लावून उभा केला, पण तेवढ्यात मास्तरांना हसू आलं आणि फोटो परत आला. दुसऱ्या खेपेला त्यांनी हसू इतकं दाबलं की फोटोत ते कुणाची तरी सायकल घेऊन पळणाऱ्या माणसासारखे दिसले. खिडकीने त्यावर शेरा मारला: भाव आहे.

त्याहून वाईट प्रकार रजेचा. शाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या, आधी व्हिसा दाखवा, मग रजा मंजूर करते. खिडकी म्हणाली, आधी मंजूर रजेचा कागद आणा, मग व्हिसा. मास्तर चार वेळा इकडून तिकडे गेले आणि तिकडून इकडे आले. पृथ्वी सूर्याभोवती का फिरते हे त्यांनी आजवर हजार मुलांना सांगितलं होतं. आता तिचं कसं होत असेल ते त्यांना कळलं. शेवटी शाळेच्या शिपायाला त्यांची दया आली. त्याने सांगितलं, मास्तर, दोन्ही अर्ज पाठीला पाठ लावून टाचा. मोठ्या बाईंना एक बाजू दिसेल, खिडकीला दुसरी. मागे दुसरा कागद जोडलेला दिसला की पुरे, त्यावर सही आहे का हे बघायला पान कुणी उलटत नाही.

आणि खरंच कुणी उलटलं नाही. दोन्ही सह्या झाल्या. मास्तरांना मात्र आनंद होईना. उत्तर मागच्या पानावरही असतं, पान उलटून बघा, असं बावीस वर्षं ते मुलांना कळकळीने सांगत आले होते. त्याच तिरमिरीत ते तिसऱ्यांदा फोटो काढायला गेले, आणि या वेळी चेहऱ्यावर आशा, राग, लाज यांपैकी काही म्हणता काही उरलं नव्हतं. खिडकीतला माणूस खूश झाला. म्हणाला, बघा, जमलं की.

आता वरच्या मजल्यावरच्या काकांविषयी सांगायला हवं. हे काका एकदा परदेशात भाच्याकडे अकरा दिवस राहून आले होते, म्हणून सगळी इमारत त्यांना मागे अकरा दिवस याच नावाने ओळखायची. त्या अकरा दिवसांतून त्यांनी आतापर्यंत तीस वर्षं सल्ले काढले होते आणि तळ अजून लागला नव्हता. ते रोज संध्याकाळी खाली यायचे. आपला लोकरी कोट त्यांनी आणून दिला. तो दोन मास्तर मावतील एवढा होता आणि त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा. बॅगेचं वजन करायला ते काटा घेऊन आले, आणि काटा बरोबर आहे की नाही हे बघायला आधी टाचणीला त्यावर उभं केलं. मग त्यांनी मास्तरांचं मनगट हातात घेतलं.

मास्तरांचं घड्याळ सासऱ्यांनी दिलेलं, किल्लीचं, वाराची छोटी चौकट असलेलं. काका म्हणाले, "तिथे उतरलात की वेळ लावावी लागेल. पण काटे मागे फिरवायचे नाहीत हं, मास्तर. यंत्र जातं. कितीही फिरवावे लागले तरी पुढेच फिरवायचे."

हे वाक्य लक्षात ठेवा, मुलांनो. मास्तरांनी ठेवलं, आणि तिथेच घात झाला.

घरात पत्र्याचा एक पृथ्वीगोल होता. आतून पोकळ, विषुववृत्तावर डब्यासारखा उघडणारा. संध्याकाळी मास्तर टेबलावरचा दिवा लावून टाचणीला सांगायचे, हा दिवा म्हणजे सूर्य, फिरव आता गोल. मग ती फिरवायची आणि कुठल्या गावाला आधी सकाळ होते, कुठल्या गावाला मागाहून, ते सांगायची. हा गोल आता बॅगेत सापडायला लागला. मास्तरांनी तो तीनदा बाहेर काढला आणि तीनदा तो बनियनच्या घडीत परत जाऊन बसला. चौथ्यांदा त्यांनी टाचणीला विचारलं. ती म्हणाली, तिथून आपलं घर कुठल्या बाजूला ते तुम्हाला कळायला नको? मास्तर म्हणाले, मला तोंडपाठ आहे सगळं. टाचणीने गोलावरची धूळ फ्रॉकने पुसली.

मास्तरांचं तिकीट शनिवारचं होतं. मंगळवारी तिकीटवाल्याचा घरी फोन आला. तेव्हा खिशातले फोन नव्हते. घरात एकच फोन असायचा, भिंतीला वायरने बांधलेला. मास्तर खिडकीपुढच्या रांगेत होते, बायको दवाखान्याच्या खिडकीमागे होती, म्हणून फोन टाचणीने घेतला. शनिवारचं विमान रद्द झालंय, सरांना सांग परवाच्या विमानात जागा केली आहे, नवं तिकीट विमानतळावरच मिळेल. टाचणीने ते सगळं शब्दाला शब्द एका चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि आरशावर चिकटवलं. खाली रेघ मारून पुन्हा लिहिलं: बाबांचं विमान परवा आहे.

मास्तर त्या दिवशी दमून आले ते तसेच झोपले. चिठ्ठी त्यांना दिसली बुधवारी सकाळी, भांग पाडताना. त्यांनी कंगव्याने मोजलं. आज बुधवार, उद्या गुरुवार, परवा शुक्रवार.

तुमच्या लक्षात आलं ना? मास्तरांच्या नाही आलं.

शुक्रवारी सकाळी त्यांना निरोप द्यायला सगळी इमारत खाली उतरली. मास्तरांनी पायरीवर उभं राहून छोटंसं भाषण केलं. प्रवासाने माणसाला वेळेची किंमत कळते, असं ते त्यात म्हणाले. टाचणी कठड्याला टेकून ऐकत होती. टॅक्सी निघाली, हात हलले, आणि तासाभराने विमानतळावरच्या बाईने कागद चाळून सांगितलं की तुमचं विमान गेलं.

"पण मी तीन तास आधी आलोय," मास्तर म्हणाले.

"एकवीस तास उशिरा आलात. ते काल गेलं."

माणसावर प्रसंग येतात, पण परत जाऊन त्याच पायरीवर चढायचा प्रसंग शत्रूवरही येऊ नये. टॅक्सी इमारतीपाशी आली तेव्हा मंडळी अजून खालीच उभी होती आणि मास्तरांविषयीच चांगलं बोलत होती. ती बाजूला सरकली. मास्तर कोट आणि बॅग घेऊन खाली मान घालून मधून चालत गेले. अकरा दिवस काकांनी त्यांच्याकडे खालून वर पाहिलं.

"इतक्यात झालं का सत्र? आम्हाला तरी अकरा दिवस लागले होते."

घरात चौकशी बसली. तिकीटवाल्याने फोनवर शपथेवर सांगितलं की मी मंगळवारी परवा म्हणालो होतो. मास्तरांनी चिठ्ठी हातात धरून मुलीला विचारलं, यावर तारीख का नाही घातलीस?

"मी लिहिलं तेव्हा ते परवाच होतं," टाचणी म्हणाली. "तुम्ही वाचेपर्यंत ते उद्या झालं, त्याला मी काय करू?"

मास्तर उसन्या अवसानाने म्हणाले, आजपासून या घरात परवा म्हणायचं नाही. वार सांगायचा, तारीख सांगायची.

टाचणीने थोडा विचार केला. "मग तुम्ही परत कधी येणार? परवा येतो म्हणालात, तो कुठला परवा?"

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. वह्या तपासायच्या नव्हत्या, पलंगाखाली शिरावं तर बॅग आडवी पडली होती. मास्तरांनी तारीख सांगितली. टाचणीने भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं एकेक करून उलटली. एक महिना, दोन, तीन, चार, आणि पाचव्यातले थोडे. त्या तारखेभोवती वर्तुळ काढलं, मग पहिल्या पानावर परत येऊन तिने बोट ठेवून मोजलं.

"एकशे छत्तीस," ती म्हणाली. आणि त्यानंतर ती मास्तरांशी बोलायची थांबली.

तिकीटवाल्याने धावपळ करून दुसरी जागा मिळवली. एका ठिकाणी विमान बदलायचं होतं, पण सोमवारच्या आत पोहोचवणार होतं. निघायचा वार? शनिवार. म्हणजे एवढी शोभा होऊन शेवटी मूळचाच वार परत आला. शनिवारी मास्तर कुणाला न सांगता जिन्याने हळूच उतरले. काका जिन्यातच होते. "या वेळी वार बघून घेतलात ना?" एवढंच म्हणाले, पण सगळे मजले ऐकतील असं. टाचणी वर खिडकीत होती. मास्तरांनी हात हलवला. तिने हलवला नाही.

विमानतळावर बॅग जड भरली. मास्तरांनी ती सर्वांसमोर उघडली, कोट काढून अंगात घातला, आणि खाली बनियनच्या घडीत पृथ्वी होती. कधी ठेवली, कुणी ठेवली, विचारायची गरज नव्हती. ती हातात घेऊन ते तपासणीपर्यंत गेले. तपासणीवाल्याने ती कानाशी धरून हलवली. आत काहीतरी सळसळत होतं. त्याने मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांच्या कोटाकडे पाहिलं आणि विषुववृत्तावर जोर देऊन पृथ्वी उघडली.

आत चिठ्ठ्या होत्या. घडी घातलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या. त्याने सगळ्या टेबलावर ओतल्या आणि एकेक उघडायला लागला. प्रत्येकीवर एक वार आणि एक तारीख, सुवाच्य अक्षरात. रांग मागे वाढत होती. "हे काय आहे?" त्याने विचारलं.

"एकशे छत्तीस असतील," मास्तर म्हणाले. "मोजून घ्या."

तपासणीवाल्याने मोजल्या नाहीत. एक चिठ्ठी मात्र त्याने जरा वेळ हातात ठेवली. तिच्यावर तारखेखाली "बाबा घरी" असं होतं. मग त्याने सगळ्या परत भरल्या आणि पृथ्वी दाबून बंद केली, पण उत्तरेचा अर्धा भाग थोडा फिरून बसला. मास्तरांचं गाव आता भर समुद्रावर आलं होतं. मास्तरांना ते अगदी योग्य वाटलं.

पुढचा प्रवास त्यांना नीट आठवत नाही. एक विमान, मग खिडक्या नसलेल्या दालनातली एक कडक खुर्ची, मग आणखी एक विमान. मांडीवर गोल घेऊन ते मधूनमधून झोपले आणि मधूनमधून एकशे छत्तीस हा आकडा मनात म्हणत राहिले. किती झोपले, किती जागे होते, कळलं नाही. शेवटी विमानात सांगितलं की इथली वेळ सकाळी सव्वानऊ. मास्तरांनी घड्याळ पाहिलं. ते सव्वासात दाखवत होतं. घरची संध्याकाळ. दहा तास मागे. पण काटे मागे फिरवायचे नाहीत, यंत्र जातं. म्हणून त्यांनी सासऱ्यांचं घड्याळ जपून, हळूहळू, चौदा तास पुढे फिरवलं. बारावर काटे आले तेव्हा चौकटीत टक्क असा आवाज झाला, तो कोटाच्या बाहीमुळे त्यांना ऐकू आला नाही.

वेळ बरोबर लागली म्हणून ते टॅक्सीत बसेपर्यंत समाधानात होते. मग त्यांनी चौकट पाहिली. तिथे सोम असं होतं.

एकदा वार चुकलेल्या माणसाचा स्वतःवर विश्वास राहत नाही, मुलांनो. घड्याळावर मात्र राहतो. आपण त्या कडक खुर्चीत एक अख्खा दिवस झोपलो, अशी मास्तरांची खात्री पटली. टॅक्सीतून उतरून ते कोट सावरत, पृथ्वी पोटाशी धरून विद्यापीठाच्या पायऱ्या चढले तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. दार बंद. ढकललं, वाजवलं, काचेला नाक लावून पाहिलं. आत लांबलचक रिकामा बोळ होता. दहा वाजता दार लावून घेतलं असणार. आत कुठेतरी यादीतला पुढचा उमेदवार त्यांच्या खुर्चीवर बसला असणार, दोन्ही कान नीट दिसणारा.

मास्तर पायरीवर बसले. रजा गेली, जागा गेली. टाचणीने बोलणं टाकलं ते कशासाठी, तर कुलूप बघायला येण्यासाठी. जिन्यात काका उभे असतील. मग ओसरीत नाणी घालायचा फोन दिसला, तो त्यांनी उचलला.

पलीकडे टाचणीचा आवाज आला. "कोण पाहिजे?"

"मी आहे. बाबा."

नाणी खाली पडत होती. मग मास्तरांनीच सांगायला सुरुवात केली, आणि या वेळी काही गाळलं नाही. सोमवार उजाडला, मी झोपून राहिलो, दार बंद आहे, जागा गेली. मी परत येतोय. आणि परवा म्हणालो होतो ते खोटं होतं, मला तुला सांगायचा धीर होत नव्हता.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"बाबा, तुम्ही आमच्या पश्चिमेला आहात ना?"

"हो."

"इथे अजून रविवारची रात्र आहे. दिवा आमच्यावरून पुढे गेल्याशिवाय तुमच्याकडे सकाळ होत नाही, तुम्हीच दाखवलंत. मग आमच्याआधी तुम्हाला सोमवार कुठून मिळाला?"

मास्तरांनी मनगटाकडे पाहिलं. मग बंद दाराकडे. मग सुट्टीच्या दिवशी असतो तशा त्या रिकाम्या रस्त्याकडे. "काटे पुढे फिरवले," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले.

"म्हणजे तुम्ही एक दिवस आधी पोचलात."

"हो."

"एक दिवस आधी गेलेल्या माणसाने एक दिवस आधी यायचं," टाचणी म्हणाली. "शेवटच्या दिवशी नुसती भाषणं आहेत. आईने मला पत्र दाखवलं."

मास्तर बघतो म्हणणार होते. तो शब्द जिभेवर आलाही होता. तो गिळून त्यांनी पूर्ण वार आणि पूर्ण तारीख सांगितली, एक दिवस आधीची.

"गोलातली शेवटची चिठ्ठी काढा. फाडा. फोनजवळ फाडा, मला ऐकू आली पाहिजे."

पृथ्वी फोनच्या फळीवर ठेवून त्यांनी ती उघडली. 'बाबा घरी' सापडायला वेळ लागला, शेवटची दोन नाणी शिल्लक होती. फाडण्याआधी ते दोन शब्द त्यांनी आदल्या दिवसाच्या चिठ्ठीवर उतरवून घेतले. मग चिठ्ठी फोनशी धरून सावकाश फाडली.

"आली," टाचणी म्हणाली.

मग तिने फोन न ठेवता तसाच स्टुलावर आडवा टाकला, खुर्ची भिंतीपाशी ओढली, तिच्यावर चढून कॅलेंडरची चार पानं उलटली, पाचव्या पानावरचं वर्तुळ खोडलं, एक घर अलीकडे नवं काढलं, आणि त्याखाली बाबांच्या व्हिसाच्या कागदांवर पाहिलं होतं तसं लिहिलं: दुरुस्ती केली. यापुढे बदल होणार नाही. आणि सही केली.